न खुडलेलं बी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ज्या माळावर ती घडली त्या माळाला तेव्हा नाव नव्हतं, आणि नाव ठेवणारी माणसंही तिकडे फिरकली नव्हती. माळावर कुसळीचं गवत होतं, मधूनच एखादं हिवराचं झाड होतं, उताराला एक ओढा होता आणि ओढ्याच्या अलीकडे मुंग्यांचं एक वारूळ होतं. गोष्ट त्या वारुळातली आहे. लहानांनी ती नीट बसून ऐकावी. मोठ्यांनी ऐकली तरी बिघडत नाही. त्यांनाच तिची गरज जास्त आहे, असं आपलं माझं मत.

या मुंग्या दाणे गोळा करणाऱ्या. गवताचं बी पिकलं की रांग लावून ते आणायचं, फोलपटं काढून दाराबाहेर टाकायची आणि दाणे खालच्या कोठीत भरायचे. आता कोठीत ओल असते, आणि ओलीत दाण्याला कोंब फुटतो. कोंब फुटला की तो दाणा खाण्यातून गेला. म्हणून त्यांच्यात एक रीत होती. दाणा कोठीत ठेवण्याआधी त्याचं टोक खुडायचं, जिथून कोंब यायचा तेवढंच. टोक खुडलेला दाणा वर्षभर पडून राहिला तरी तसाच राहतो.

रीत चांगली होती. तिच्यामुळे घर कधी उपाशी राहिलं नाही. फक्त एक झालं. बी म्हणजे खायची वस्तू, एवढंच त्यांना ठाऊक राहिलं. बी आणखी कशासाठी असतं, हे त्या घरात कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

वारुळाच्या दारावर एक दणकट मुंगी असे. तिला सगळ्या अक्का म्हणत. अक्काच्या नाकावर माशी बसत नसे. बाहेरून कुणी रिकाम्या तोंडानं आली की अक्का तिला दारातूनच परत पाठवी. “दाणा नसेल तर काडी आण, काडी नसेल तर मेलेला किडा आण, पण मोकळी येऊ नकोस,” असं सांगे. आणि दिवसातून एकदा तरी म्हणे, “मी जन्मात कुणाचं फुकट खाल्लेलं नाही.” हे तिचं म्हणणं खोटं होतं, पण ते तिला माहीत नव्हतं. आपल्यालाही आपल्याबद्दल अशा बऱ्याच गोष्टी माहीत नसतात.

वारुळात सगळ्या बहिणी. दाणे आणायला बहिणी, राखणीला बहिणी, बाळांना भरवायलाही बहिणीच. सगळ्यात खाली, अंधाऱ्या खोलीत त्यांची आई राही आणि अंडी घाली. आई, ताई, अक्का हे शब्द तिथे रोज लागत. भाऊ हा शब्द मात्र वर्षातून दोन-तीन महिनेच लागे, कारण भाऊ तेवढेच दिवस घरात असत.

हे भाऊ म्हणजे एक अजब प्रकरण होतं. डोकं लहान, त्यावर डोळे मोठाले, आणि ते कमी पडले म्हणून की काय, माथ्यावर आणखी तीन बारीक डोळे. पाठीवर पंख. जबडा मात्र नावापुरता. दाणा फोडणं दूरच, स्वतःचा घासही त्यांना धड चावता येत नसे. बहिणींनी दाणा चावून मऊ करायचा आणि यांच्या तोंडात घालायचा. खायचं, पंख पुसायचे आणि बसायचं, एवढंच त्यांचं काम. अक्कानं त्यांचं नाव ठेवलं होतं आयतोबा.

एरवी हे नाव थट्टेनं घेतलं जाई. पण त्या वर्षी पावसानं दडी मारली. कुसळी वाळून गेली, बी धरलंच नाही. रांगा लांब लांब जाऊन रिकाम्या परत येऊ लागल्या. दाराशी गवताचं एक जुनं बेट होतं, ते कसं कोण जाणे हिरवं राहिलं, आणि त्याच्या चार दाण्यांवर घर कसंबसं चाललं. कोठी खालपर्यंत दिसू लागली. आणि नेमके त्याच वर्षी घरात वीस-पंचवीस आयतोबा बसलेले. आता ते नाव थट्टेचं राहिलं नाही.

त्या भावांमध्ये एक होता, त्याचे डोळे इतरांहून मोठे. म्हणून त्याला डोळ्या म्हणत. त्याला भरवायचं काम सावळी नावाच्या मुंगीकडे होतं. सावळी भरवताना कुरकुर करी, पण शेवटचा घास त्याला जरा मोठा देई.

“ताई, एवढे मोठे डोळे मला कशाला दिलेत?” डोळ्यानं एकदा विचारलं. “इथं तर सगळा अंधार.”

“मला काय माहीत? दिलेत तर असतील कशाला तरी. तोंड उघड.”

“आणि पंख?”

“तुला प्रश्न फार पडतात. तोंड उघड म्हटलं ना.”

भावांना पडलेलं नाव डोळ्याला कळत होतं. आयतोबा म्हटलं की तो मान खाली घाली. एक दिवस त्यानं ठरवलं, आपणही दाणा आणायचा. तो दारापर्यंत गेला, बाहेर पडलेलं एक मोठं फोलपट त्यानं दाणा समजून धरलं आणि ओढत ओढत दारात आणलं. तिथे ते आडवं अडकलं. त्याचे पंखही अडकले. आतली रांग आत थांबली, बाहेरची बाहेर. वारुळाचा सगळा कारभार एका फोलपटापायी ठप्प झाला.

अक्कानं येऊन फोलपट एका झटक्यात काढलं. डोळ्याच्या एका पंखाची कड थोडी फाटली होती.

“कुणी सांगितलं होतं तुला?” ती म्हणाली.

“अक्का, मलाही काहीतरी आणायचं होतं.”

“तू नको आणूस. तू खातोस ते थांबव, तेवढी मदत पुरे.”

त्या दिवशी डोळ्यानं घास घेतला नाही. सावळीनं तोंडाशी तोंड नेलं तर त्यानं मान फिरवली. 

दुसऱ्या दिवशी कोठीतला एक कोनाडा पूर्ण रिकामा झाला आणि अक्कानं सगळ्यांना दाराजवळ बोलावलं. ती म्हणाली, “बाळांना द्यायचं की या बसून खाणाऱ्यांना द्यायचं, हे आता ठरवावं लागेल. मी ठरवलंय. उद्या ऊन चढलं की सगळ्या भावांना बाहेर काढायचं आणि दार बुजवायचं.”

 माळावर जमीन तापलेली होती. चार पावलांवर सरडे टपून असत. चावता न येणारे भाऊ बाहेर काढले तर दुपारपर्यंतही टिकणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण बाळंही उपाशी होती, तेही सगळ्यांना माहीत होतं. अक्का दुष्ट नव्हती. तिच्याकडे घास थोडे होते आणि तोंडं जास्त होती.

सावळी तडक खाली आईकडे गेली. आई दमली होती. त्या वर्षी तिला स्वतःलाही पोटभर मिळत नव्हतं.

“आई, अक्का उद्या भावांना बाहेर काढणार आहे,” सावळी म्हणाली. “तू तिला थांबव.”

“त्यांचा दिवस अजून आलेला नाही,” आई म्हणाली. “तोपर्यंत त्यांना जगवायला हवं. ते बिनकामाचे नाहीत. मी बारा वर्षं पोटात बी राखून आहे ते काय उगीच?”

सावळीला एवढंच कळलं, की आईकडे बी आहे. ती वर आली आणि पहिली बहीण भेटली तिला सांगितलं, “आईकडे बी आहे.” तिनं दुसरीला सांगितलं, “आईनं बी राखून ठेवलंय.” तिसरीपर्यंत ते “लपवून ठेवलंय” झालं, आणि दाराशी पोचेपर्यंत बारा वर्षांची एक कोठीच आईच्या खोलीत तयार झाली. घरात भूक असली की बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही.

अक्का खाली आली. तिच्यामागे रांग आली. आईच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. सावळीच्या मागे दाराच्या कोपऱ्यात डोळ्याही येऊन उभा राहिला.

“आई, तुझ्याबद्दल आम्ही कधी वावगं बोललो नाही,” अक्का म्हणाली. “पण बाळं उपाशी आहेत. बारा वर्षांचं बी ठेवलं असशील तर काढ आता.”

आईनं तिच्याकडे पाहिलं आणि ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“काढतेच आहे, पोरी. रोज काढते. तू त्यातूनच आलीस.”

अक्काला काही समजलं नाही. कुणालाच समजलं नाही. ज्यांनी जन्मभर बियांची टोकं खुडली, त्यांना समजावं तरी कसं?

आईच्या खोलीच्या भिंतीतून एक पांढरं मूळ खाली आलेलं होतं. लहानपणापासून सगळ्याजणी ते बघत होत्या, त्याला धरून वरखाली करत होत्या. आई म्हणाली, “अक्का, हे मूळ कुणाचं?”

“वरच्या गवताचं. दाराशी बेट आहे त्याचं.”

“ज्याच्या दाण्यांवर यंदा घर चाललंय तेच ना?”

“हो.”

“ते बेट कुठून आलं?”

“ते पहिल्यापासून आहे.”

“पहिल्यापासून काही नसतं,” आई म्हणाली. “मी हे घर खणायला सुरुवात केली, त्या दिवशी इथे नुसती माती होती. खणताना एक दाणा माझ्याबरोबर मातीत गेला. टोक खुडायला तुमच्यापैकी तेव्हा कुणी जन्माला आलेलं नव्हतं. तो तसाच राहिला. आठ-दहा दिवसांत त्यातून कोंब निघाला आणि वर गेला. त्याचं हे बेट. बी खाल्लं तर एक घास होतो. राखलं तर त्यातून हे होतं.”

मुंग्या मुळाकडे बघत राहिल्या. त्यातल्या कित्येकींनी आयुष्यात हजारो दाण्यांची टोकं खुडली होती.

“माझ्या पोटातलं बी तसलं आहे,” आई पुढे म्हणाली. “एका दुपारी मला ते मिळालं. तेव्हा माझ्याही पाठीवर पंख होते. हवा ओलसर होती, वारा पडला होता, आणि माळावरच्या सगळ्या घरांतून त्या एकाच दुपारी पंखवाले आणि पंखवाल्या बाहेर पडले. मुंग्यांचं लग्न तसंच असतं. एकदाच आणि हवेत. त्यातल्या एकाची आणि माझी गाठ पडली. त्यानं मला बी दिलं. मी खाली उतरले, पंख मोडून टाकले, पंख हलवायला पाठीत जे बळ होतं ते विरघळवून पहिल्या लेकींना भरवलं. त्यानंतर मी कधी बाहेर गेले नाही. पण ते बी मी एका पिशवीत जपलंय. लेक हवी असली की अंड्याला त्यातला कण देते. तुम्ही सगळ्या त्याच्या लेकी. तो तुमचा बाप.”

“बाप म्हणजे?” मागून कुणीतरी विचारलं.

“आता सांगितलं तो.”

अक्कानं विचारलं, “मग हे भाऊ? यांचा बाप कोण?”

“यांना बाप नाही. ज्या अंड्याला मी कण देत नाही, त्यातून मुलगा होतो. मुलगा माझ्या एकटीचा. त्याला बाप नसतो, पण आजोबा असतो, माझा बाप.”

आता हे कोडं घरी जाऊन आजोबांना घालू नका. ते दिवसभर बोटं मोजत बसतील. पण आई सांगत होती ते खरं होतं, आणि त्यातली गंमत अक्काच्या लक्षात आली. जन्मभर तिनं आयतोबांना नावं ठेवली होती. आणि त्या खोलीत आयतोबाची लेक कोण, तर ती स्वतः. डोळ्या नव्हे.

“यांच्या पोटात तेच बी आहे,” आई म्हणाली. “कोशात झोपलेले असतानाच ते भरून झालंय, पुन्हा कधी भरत नाही. यांना दाणे आणायचे नाहीत. यांना ते बी घेऊन एकदा उडायचंय. आपण फक्त त्या दिवसापर्यंत यांना जगवायचं.”

“आणि ते बी जाणार कुठे?”

“दुसऱ्या घरी. आपल्या घरातलं आपल्या घरात देत नाहीत.”

अक्कानं मागे उभ्या असलेल्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे भरवायचं आम्ही, बाळं उपाशी ठेवून, आणि लेकी व्हायच्या परक्याच्या घरी. मग आम्हाला काय मिळालं?”

“तुम्हाला मिळून गेलंय,” आई म्हणाली. “तू आहेस ना?”

 आईनं थोडा श्वास घेतला.

“तुमचा बाप खूप बारीक होता,” ती म्हणाली. “मला आठवतंय. मी त्याला विचारलं, तुझ्या घरी खायला नव्हतं का? तो म्हणाला, यंदा पाऊस झाला नाही, कुणालाच नव्हतं. पण माझ्या बहिणींनी स्वतःच्या तोंडचं काढून मला भरवलं, म्हणून मी एवढं उडू शकलो. कधी भेटल्या तर त्यांना सांग, की मी पोचलो. इतकं बोलला आणि खाली पडला. त्या कुठल्या घरच्या, मला माहीत नाही. मी बारा वर्षं या खोलीत आहे. त्याचा निरोप माझ्याकडेच राहिला.”

अक्का वर गेली नाही. ती तिथेच उभी राहिली. तिनं कधी पाहिल्या नव्हत्या, नाव माहीत नव्हतं, वासही माहीत नव्हता, अशा कुणीतरी दुष्काळात पोटाला चिमटा घेतला होता, आणि म्हणून ती होती. म्हणून तिची सगळी दणकट गात्रं होती, तिचं दार होतं, तिची रांग होती. त्यांनीही त्या वेळी विचारलं असतं, आम्हाला काय मिळणार, तर? आणि आता आभार मानायचे म्हटले तरी त्या कुठे सापडणार होत्या?

मग तिनं कोठीतून एक दाणा आणला, स्वतःच्या दणकट जबड्यानं चावून चावून मऊ केला आणि डोळ्या होता तिथे त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिला भरवायची सवय नव्हती. घास अर्धा त्याच्या तोंडात गेला, अर्धा नाकावर.

“उघड तोंड नीट,” ती म्हणाली. “मला काही येत नाही हे.”

“अक्का, तू उपाशी आहेस.”

“गप खा.”

डोळ्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, पण भावांना कुणी बाहेर काढलं नाही. त्यानंतरचे कितीतरी दिवस त्या घरात एकही मुंगी पोटभर जेवली नाही. प्रत्येकीनं आपल्या घासातला तुकडा मोडला. आधी बाळांना, मग भावांना, उरलं तर आपल्याला. काही म्हाताऱ्या त्यात गेल्या. त्या गेल्या तेव्हा रडारड झाली नाही, पण त्यांची नावं सगळ्यांनी लक्षात ठेवली. मला ती नावं माहीत असती तर तुम्हाला नक्की सांगितली असती.

अखेर एका सकाळी दोन सरी येऊन गेल्या. दुपारी ऊन पडलं, जमीन मऊ झाली, वारा थांबला. भावांचे पंख आपोआप थरथरू लागले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांना कळलं.

अक्कानं दार रुंद करून घेतलं आणि ती बाजूला उभी राहिली. एकेक भाऊ बाहेर निघाला. सावळीनं डोळ्याचे पंख पुसून दिले, फाटलेली कड जीभ लावून सरळ केली. बाहेर पाऊल टाकताच तो थबकला. त्याच्या पाचही डोळ्यांत उजेड शिरला. आभाळ, हिवराची झाडं, ओढ्याचं पाणी, लांबवर उठलेले दुसऱ्या घरांचे थवे, सगळं त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

“ताई, डोळे यासाठी होते होय,” तो म्हणाला.

 सावळीला त्यातलं निम्मंही दिसत नव्हतं. पण त्याला दिसतंय याचा तिला आनंद झाला.

डोळ्या अक्काकडे वळला. “अक्का, तुझे घास मी लक्षात ठेवीन.”

“किती दिवस ठेवशील?” अक्का म्हणाली.

“संध्याकाळपर्यंत तरी.”

अक्काला हसू आलं आणि रडूही आलं. भावांना त्याहून जास्त आयुष्य नसतं, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. “मग पुरे झालं,” ती म्हणाली. “जा बाबा.”

तो उडाला. एक पंख कडेला फाटलेला, म्हणून जरा तिरका गेला, पण गेला. ओढ्याच्या दिशेनं सगळा थवा वर चढला. कोतवाल पक्ष्यानं त्यातले काही टिपले, चतुर किड्यांनी काही पकडले. बाकीचे इतके उंच गेले, की खालून दिसेनासे झाले. कुणाची कुणाशी गाठ पडली, कोण पोचलं, कोण पोचलं नाही, हे त्या वारुळाला कधीच कळलं नाही. परत कुणी आला नाही. त्यांनी परत यायचंही नसतं.

पुढचा पावसाळा बरा गेला. कोठी भरली. अक्का दारावर उभी राहून पूर्वीसारखीच खेकसत राहिली, स्वभाव काही जात नाही. पण आयतोबा हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही. भावांचे दिवस आले की पहिला घास भरवायला ती स्वतः खाली जाई.

आणखी एक वर्ष गेलं आणि अक्का म्हातारी झाली. मुंग्यांमध्ये म्हातारीला घरात बसवत नाहीत. उलट सगळ्यात लांबचं काम तिला देतात, कारण लांबच्या वाटेवर धोका असतो आणि तरण्या जिवांना जपायचं असतं. अक्काला त्याचं वाईट वाटलं नाही. बाभळीच्या पडलेल्या फांदीवरून ती ओढा ओलांडून गेली आणि पलीकडच्या माळावर दाणे शोधू लागली.

ऊन वाढलं. वाऱ्यानं वाट पुसली. अक्काचा एक पाय आधीच गेलेला होता, बाकीचेही आता उचलेनात. घसा कोरडा पडला. एका दगडाच्या सावलीत ती बसली, आणि आपण आता उठणार नाही, हे तिला समजलं.

दगडाखाली एक बारीक भोक होतं. नवं घर होतं ते, अजून फोलपटांचं कडंही जमलं नव्हतं. त्यातून एक छोटीशी मुंगी बाहेर आली. नव्या घरच्या पहिल्या लेकी अशाच लहानखुऱ्या असतात, कारण आईपाशी भरवायला फार नसतं. परकी मुंगी पाहून ती चावायलाच धावली. जवळ आली, मिशी लावली आणि थांबली.

“तुम्ही आमच्या घरच्या नाही,” ती म्हणाली.

“नाही, पोरी.”

“मग मला चावायला हवं तुम्हाला. पण तुमच्या अंगाचा वास माझ्या अंगाला थोडा आहे. असं कसं?”

अक्कानंही मिशी पुढे केली. त्या पोरीच्या अंगाचा अर्धा वास पूर्ण परका होता. आणि अर्धा होता अक्काच्या घरचा, त्या अंधाऱ्या खोलीतला, आईचा. 

“तुझी आई इथे कधी उतरली?” तिनं विचारलं.

“मागच्या दुष्काळात. दोन सरी येऊन गेल्या त्या दुपारी.”

तो डोळ्या असेल, की त्याच्या भावांपैकी दुसरा कुणी? हे अक्काला कळायला मार्ग नव्हता. पण कुणीतरी पोचला होता. बहिणींनी भरवलेला घास ओढा ओलांडून इथवर आला होता, आणि सहा पायांवर तिच्यापुढे उभा होता.

“तुम्हाला तहान लागली आहे,” पोर म्हणाली. तिचं पोट इवलंसं होतं आणि त्यात फार काही नव्हतं. तरी तिनं तोंड पुढे केलं आणि होता तो थेंब अक्काला दिला. अक्कानं तो घेतला. तिच्या अंगात जीव आला.

“तुम्ही माझ्या कोण लागता?” पोरीनं विचारलं.

अक्का विचारात पडली. आई ती नव्हती. ताई नव्हती. तिच्या घरात जितके शब्द होते, त्यातला एकही इथे बसत नव्हता. बापाच्या बहिणीला काय म्हणायचं, हे त्या माळावर कुणी ठरवलेलंच नव्हतं, कारण बापाच्या बहिणीला भाची कधी भेटलीच नव्हती. मग तिनं स्वतःच एक शब्द केला. आपण आजही तोच वापरतो.

“आत्या,” ती म्हणाली. “मी तुझी आत्या.”

आणि हे म्हणताना तिला तिच्या स्वतःच्या आत्या आठवल्या. कधी न पाहिलेल्या, कुठल्या माळावर राहत होत्या ते माहीत नसलेल्या, कधीच मरून गेलेल्या. तिनं मान वाकवली आणि म्हणाली, “बायांनो, तो पोचला होता. तुमचे उपकार आहेत.” बारा वर्षांहून जुना निरोप तिनं असा वाऱ्यावर सांगितला, आणि मग भाचीला बरोबर घेऊन ती दगडाच्या कडेचे दाणे वेचायला लागली.

ज्यांच्या घासावर आपण वाढलो ते बहुतेक कधी भेटत नाहीत, म्हणून त्यांचे उपकार आपल्यानंतर येणाऱ्यांना घास भरवूनच फेडायचे असतात.